बाबांच्या व्हिडिओत मी नसतोच

“मॅडम, बाकी काही नको, फक्त एवढं सांगा, पोरात दम आहे की नाही?”

खेळणाऱ्या मुलाचे आईवडील नागपुरात समुपदेशनाला आले की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. कुणाचा मुलगा लेगस्पिन टाकतो, कुणाची मुलगी बॅडमिंटन खेळते, कुणाचं पोर बुद्धिबळाच्या पटावरून उठत नाही. घाई सगळ्यांची एकच: दहावीच्या आत काय ते कळू दे, म्हणजे पैसा कुठे लावायचा ते ठरवता येईल. इथे सांगते ती केस मात्र आइस हॉकीची आहे. बर्फ गोळ्याच्या गाडीपलीकडे न दिसणाऱ्या गावात हे विचित्र वाटेल, पण खेळ अनोळखी असला की पालकांची गफलत जास्त स्वच्छ दिसते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब मूळचं बजाज नगरचं, आता बरीच वर्षं कॅनडातल्या कॅलगरीला. मुलगा पंधराव्या वर्षात, जन्म नोव्हेंबरचा, उंची १६५ सेंटीमीटर, उजव्या बाजूने शॉट मारणारा डिफेन्समन, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू. मे महिन्यात वेस्टर्न हॉकी लीगचा ड्राफ्ट झाला. त्या वर्षात पंधरा पूर्ण करणाऱ्या मुलांमधून तिथले ज्युनियर संघ आपापली निवड करतात. संघातल्या दोघांची नावं आली, याचं नाही. जुलैत सगळे नागपूरला आले तेव्हा वडिलांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: पोराला निवासी हॉकी ॲकॅडमीत घालायचं आणि फीसाठी नागपुरातला बेसाचा प्लॉट विकायचा. हे कानावर आल्यावर आजोबाच सगळ्यांना घेऊन आले.

“प्लॉटचं काय, राहील नाहीतर जाईल,” आजोबा म्हणाले. “पण आल्यापासून पोरगा धड जेवत नाही. ते पहा आधी.”

वडिलांनी लॅपटॉप उघडला. तीन हंगामांची एक्सेल शीट, रंग भरलेली. गोल, असिस्ट (गोलला मदत करणारे पास), दोन्ही मिळून पॉइंट्स, आणि प्लस-मायनस. “मागच्या वर्षी ३१ पॉइंट्स, यंदा १९. घसरण स्पष्ट आहे.”

“या शीटमध्ये त्याने वाचवलेला गोल कुठल्या रकान्यात आहे?”

“त्याचा रकाना नसतो, मॅडम.”

आजोबा कॉलेजात मैदानी हॉकी खेळलेले. ते लगेच म्हणाले, “आमच्यावेळी फुलबॅकचं असंच होतं. गोल वाचला तर गोली भारी, झाला तर फुलबॅकला शिव्या.”

पॉइंट्सवरून डिफेन्समन जोखायचा म्हणजे पॉवर-प्लेला, समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, याला बर्फावर उतरवतात की नाही तेवढंच मोजायचं. प्लस-मायनसचीही तीच गत. दोन्हीकडे खेळाडू सारखे असताना गोल झाला की त्या वेळी बर्फावर असलेल्या प्रत्येकाच्या खात्यात अधिक किंवा उणे एक पडतो. गोली ढिसाळ असेल, किंवा प्रशिक्षक मुद्दाम याला समोरच्या सगळ्यात चांगल्या फळीविरुद्ध उतरवत असेल, तर चांगल्या मुलाचाही आकडा उणे होतो. प्रशिक्षकाचा विश्वास वाढला म्हणून आकडा खराब, असंही घडतं.

पुढच्या भेटीत वडिलांना सामन्यांचे व्हिडिओ आणायला सांगितलं. फोनमध्ये भरपूर होते, बहुतेक सगळे त्यांनी प्रेक्षकांतून स्वतः काढलेले. आम्ही एक लावला. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, डावीकडे गेला, कॅमेरा डावीकडे. पक कोपऱ्यात, कॅमेरा कोपऱ्यात. दुसरा लावला, तिसरा लावला. आई बराच वेळ बघत होती. मुलगा खिडकीबाहेरच्या पावसाकडे तोंड करून बसला होता.

“यात तू कुठला रे?” मी विचारलं.

तो वळलाही नाही. “बाबांच्या व्हिडिओत मी नसतोच. पक आला की येतो.”

वडिलांनी व्हिडिओ थांबवला, पुन्हा मागे घेतला. त्या चाळीसेक सेकंदांच्या शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या एका पाळीत, मुलगा मोजून दोनदा दिसला, तोही पाठमोरा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग वडील स्वतःशीच म्हणाले, “सगळे सामने पाहिले मी याचे. एकही चुकवला नाही.” त्यात खोटं काही नव्हतं. पहाटेच्या सरावांना गाडी काढणारा बाप होता तो. पण डिफेन्समनचा बहुतेक खेळ पक दुसरीकडे असताना चालतो, आणि ते नेमकं चौकटीबाहेर राहिलं होतं. हा क्षण मी घाईने पुढे ढकलला नाही. पालकांच्या हातात त्यांचाच पुरावा ठेवून गप्प बसणं, हे माझ्या कामातलं मला सगळ्यात चांगलं जमतं असं मी मानते.

मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा उरलेलं कळलं.

“सामना संपल्यावर गाडीत बाबा काय विचारतात?”

“आज किती पॉइंट्स.”

“मग तू काय करतोस?”

“ब्लू लाईनवरची माझी बचावाची जागा सोडून पुढे घुसतो. पॉइंट मिळाला तर घरी जाताना बरं जातं. नाही मिळाला आणि मागे माझ्या जागेतून समोरचे सुटले, तर कोच पुढच्या दोन शिफ्ट बसवून ठेवतो.”

म्हणजे बाप ज्या आकड्याने पोराला मोजत होता, त्या आकड्यासाठी पोर आपला खेळ बिघडवत होतं, आणि बिघडलेला खेळ पाहून निवडणारे पुढे सरकत होते. घरातलं माप मुलाच्या पायांत उतरतं. मैदान, पट, परीक्षेचा हॉल, कुठेही. माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, म्हणून वडिलांचा हट्ट कशावर उभा आहे तेही पाहिलं. तो होता, “मला स्केटिंग येत नाही, मी याला दोन वर्षं उशिरा बर्फावर उतरवलं, त्याचं नाव आलं नाही म्हणजे मी कमी पडलो.” त्यावर आम्ही दोन-तीन बैठका घालवल्या. इथे तपशील देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पंधराव्या वर्षी डिफेन्समनची कुवत कशी पाहायची?

आधी जन्मतारीख पाहा. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीतला मुलगा आणि आमचा नोव्हेंबरचा एकाच गटात येतात, मध्ये दहा महिने. तिथल्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं निवडीत जास्त दिसतात, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच दाखवलं होतं. त्यात अंगावर जाऊन धडक देण्याची परवानगी साधारण याच वयात, पंधरा वर्षांखालच्या स्पर्धात्मक गटात सुरू होते. लवकर वाढलेला मुलगा चौदाव्या वर्षी नुसत्या अंगाने पक काढून घेतो आणि चांगला डिफेन्समन दिसतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या खांद्याला लागतात, तेव्हा त्याला पायांनी आणि डोक्याने खेळावं लागतं, जे तो शिकलेलाच नसतो. उशिरा वाढणाऱ्याचं उलट होतं, तोवर त्याला खेळातून काढून टाकलं नसेल तर.

म्हणून उंची मोजा, पण नीट. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, दोनदा मोजून सरासरी. मुलांच्या वाढीचा सर्वांत वेगवान काळ साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास येतो, पण कुणाचा वर्ष-दीड वर्ष मागेपुढे होतो. त्या काळात हातपाय आधी लांबतात, तोल बिघडतो, मागे स्केट करताना मुलगा अडखळायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं की खेळ गेला. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर सराव वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. शेवटची उंची ढोबळ काढायची तर आईवडिलांच्या उंचीत १३ सेंटीमीटर मिळवून दोनाने भागा. बाबा १७२, आई १६०, म्हणजे १७२.५ च्या आसपास, साडेआठ सेंटीमीटर इकडेतिकडे. एनएचएलचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, सरासरी डिफेन्समन सहा फुटांच्या वर असतो. हे ऐकून वडिलांचा चेहरा पडला, पण हे सांगणं गरजेचं होतं. उंचीचा दरवाजा अरुंद असेल तर बाकीचं काय हवं तेही त्यावरून ठरतं. लेन हटसन असाच लहानखुरा डिफेन्समन, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ वा निवडला गेला आणि २०२५ मध्ये त्याने वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली.

कॅलगरीच्याच केल मकारचं उदाहरण मुलाला पाठ होतं. जन्म ऑक्टोबरचा, २०१३ च्या वेस्टर्न लीगच्या ड्राफ्टमध्ये थेट आठव्या फेरीत नाव, मग अल्बर्टातल्या दुय्यम लीगमध्ये खेळून अमेरिकेतल्या विद्यापीठात, २०१७ मध्ये एनएचएलला चौथा, २०२२ मध्ये सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी. मार्क जॉर्डानोला तर एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कधीच कुणी निवडलं नाही, पुढे तो कॅलगरीचा कर्णधार झाला आणि २०१९ मध्ये नॉरिस घेतली. निकलस लिडस्ट्रॉम, पुढे एनएचएलमधला नावाजलेला डिफेन्समन, १९८९ मध्ये ५३ वा. ही नावं धीर द्यायला ठीक आहेत, पण पुरावा म्हणून वापरू नका. मागच्या फेऱ्यांतले बहुतेक पुढे कुठेच दिसत नाहीत आणि त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. यातून एवढंच घ्यायचं की डिफेन्समन उशिरा पिकतो आणि चौदाव्या वर्षीचा नकार कच्चा असतो. वेस्टर्न लीगमध्ये ड्राफ्टनंतरही संघ मुलांना आपल्या यादीत घेऊ शकतात, हेही या घरात कुणाला माहीत नव्हतं.

आता खेळ. संघाकडून पूर्ण रिंक दिसणारं चित्रीकरण मागून घ्या. तीन सामने निवडा: एक बलवान संघाविरुद्ध, एक दुबळ्या, एक हरलेला. फक्त मुलाच्या शिफ्ट पाहा, पकवर डोळा ठेवायचा नाही.

पहिली गोष्ट मान. पक मागच्या कोपऱ्यात गेला आणि हा आणायला धावला, तर पकला स्टिक लागण्याआधी किती वेळा खांद्यावरून मागे पाहिलं? शून्य असेल तर तो आंधळा खेळतोय, धडक बसणार आणि पक घाबरून काचेवर आपटून बाहेर टाकणार. दोनदा पाहणाऱ्या मुलाला पास कुठे द्यायचा ते आधीच कळलेलं असतं. मला विचाराल तर या वयात याहून बोलकी खूण नाही, कारण तिला उंची लागत नाही. वडिलांनी एका सामन्यात मोजलं: १४ वेळा पक आणायला गेला, ११ वेळा मान वळली. त्यांनी मला रात्री मेसेज केला, फक्त “११/१४”.

दुसरं अंतर. समोरचा पक घेऊन येतोय तेव्हा मधल्या लाल रेषेशी साधारण दोन स्टिकचं अंतर, स्वतःच्या ब्लू लाईनवर, म्हणजे आपला बचावाचा भाग सुरू होतो त्या निळ्या रेषेवर, एक. जो आधीच मागे पळत सुटतो तो समोरच्याला फुकट आत घेतो. आमच्या मुलाचं हेच बिघडलं होतं: पुढे घुसून जागा सोडायची, मग परतताना दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले, अंतर तीन-चार स्टिक. कारण पाय मंद हे नव्हतं, निघायची जागा चुकीची होती. हे दोन दोष बाहेरून सारखे दिसतात आणि उपाय मात्र वेगळे.

तिसरं, पुढे तोंड असताना मागे वळून उलटं स्केट करणं. दोन्ही बाजूंनी सारखं जमतं का? बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि समोरचे हुशार फॉरवर्ड ती शोधून काढतात. बाकी स्टिक बर्फावर आहे का, समोरच्याला मधून न जाऊ देता कडेच्या फळ्यांकडे ढकलतो का, हे प्रशिक्षक पाहतोच. जोरदार शॉटकडे मी शेवटी पाहायला सांगते, तो सतराव्या वर्षीही येतो.

आणि चूक झाल्यानंतरचे पाच सेकंद. मान खाली, की पाय चालू? गोल बसल्यावर प्रेक्षकांत बाबांकडे पाहतो का? आमचा पाहायचा.

प्रशिक्षकाला “निवड होईल का?” विचारू नका, तो गुळमुळीत उत्तर देईल. विचारा: शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलाची आघाडी असताना याला उतरवता का? सहा महिन्यांत यात काय बदललं? आत्ता एकच गोष्ट सुधारायची तर कोणती? कॅलगरीच्या कोचचं पहिल्याचं उत्तर होतं, “हो, यंदा जानेवारीपासून.” घरात हे कुणाला माहीत नव्हतं. पोरालाही.

ॲकॅडमीचा निर्णय त्यानंतर सोपा झाला. अठरा वर्षांखालच्या गटाचा पहिला हंगाम शहरातच, घरी राहून. तिथे त्याला रोज खेळायला मिळणार होतं, ॲकॅडमीत कदाचित डिफेन्समनच्या तिसऱ्या, कमी वेळ उतरणाऱ्या जोडीत बसावं लागलं असतं, आणि या वयात बर्फावरची मिनिटं सुविधांपेक्षा मोलाची. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने, नियम बदलल्यामुळे २०२५-२६ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये (वेस्टर्न लीग त्यातलीच) खेळलेल्यांनाही अमेरिकी विद्यापीठांकडून खेळता येतं. एक रस्ता धरला की दुसरा कायमचा बंद, ही जुनी भीती त्यामुळे बरीच ओसरली आहे. प्लॉट तसाच आहे.

सूचना थोड्याच दिल्या. रात्री किमान आठ तास झोप. हंगाम संपला की काही आठवडे स्केट्स बंद आणि दुसरा कुठलाही खेळ. महिन्याला एका सामन्याचं चित्रीकरण बापलेकांनी मिळून पाहायचं, रिमोट मुलाच्या हातात. गाडीत सामन्याचा विषय मुलाने काढला तरच.

शेवटचीच जड गेली. डिसेंबरच्या ऑनलाइन भेटीत मुलगा सांगत होता, “बाबा आता गाडीत गाणी लावतात. फार बेसूर म्हणतात.” अंतर दीड स्टिकवर आलंय, उंची १६९. डावीकडे वळण अजून कच्चं आहे. पुढची भेट एप्रिलमध्ये, तेव्हा पुन्हा तीन सामने आणायला सांगितले आहेत.