जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरला काळ्या रानात कोणता नांगर झेपेल?

तुमचा प्रश्न: वडिलांचा १९८४ चा ३५ एचपीचा महिंद्रा बी-२७५ इंजिनकाम करून पुन्हा चालू केलाय, सेलूकडं सात एकर काळं रान आहे, त्याला १२ इंची दोन फाळी हायड्रॉलिक पल्टी (तेलाच्या दाबानं फाळ उलटणारा नांगर) घ्यावा का?

दादा, घेऊ नका. एक फाळी, १४ इंची, मेकॅनिकल पल्टी बघा.

मीही परभणी जिल्ह्यातलाच. आमच्याकडं त्याच जमान्यातला मॅसी १०३५ आहे, तोही ३५ एचपीचाच. चार वर्षांपूर्वी दुकानदाराच्या शब्दावर मी हाच दोन फाळी पल्टी आणला होता. चारेक क्विंटलचं धूड ते. धुऱ्यावर वळताना नांगर उचलला की पुढची चाकं वीतभर वर यायची आणि स्टेअरिंग हातात नुसतं फिरायचं. एकदा हे विहिरीच्या अंगाला झालं. त्याच दिवशी नांगर सोडून ठेवला आणि पुढं पडत्या भावात विकला.

आता हिशेब बघा. भारी काळ्या जमिनीत चांगल्या वाफशावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ किलो ओढ धरा. १२ इंची दोन फाळ एक फूट खोल घातले तर ६० गुणिले ३० म्हणजे १८०० चौरस सेंटिमीटर, ओढ १४४० किलो. ताशी ४ किलोमीटरनं चालायचं तर ओढीचे २१ एचपी लागतात. इंजिनाच्या ३५ मधले गिअर आणि स्लिप (चाक घसरणं) खाऊन रानात निम्मेच हाताशी राहतात. शिवाय दोन टनांच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर एवढी ओढ मातीत धरू शकत नाही, चाकं जागेवर फिरतात आणि क्लचचा वास यायला लागतो.

१४ इंची एकच फाळ १० इंच खोल घातला तर ओढ ७०० किलो, एचपी साडेदहाच्या आसपास. जुन्या इंजिनाला एवढं सुखानं झेपतं. एकराला साडेतीन-चार तास जातील, पण तुमचं रान सातच एकर आहे. पल्टी असल्यामुळं मधोमध नाली राहत नाही, रान सपाट निघतं. मेकॅनिकल अशासाठी की जुन्या ट्रॅक्टरला बाहेरची ऑइल लाइन बहुतेक नसते. नांगर उचलून लिव्हर ओढली की फाळ उलटतो, काम झालं.

१४ इंचाचं आणखी एक कारण म्हणजे टायर. मागचा १२.४-२८ असेल तर चाक तासात (नांगरानं पाडलेल्या चरात) नीट बसून चालतं. १० इंची फाळ घेतला तर तेच चाक नुकतीच पलटलेली माती दाबत जाईल.

नांगर जोडायच्या पिना आधी मोजून घ्या. जुन्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकला (नांगर धरणाऱ्या मागच्या दोन दांड्यांना) २२ आणि टॉप लिंकला (वरच्या दांडीला) १९ मिलिमीटरची पिन लागते. मोठे नांगर २८ आणि २५ च्या पिनांचे येतात. बुश घिसलेले असतील तर नांगर डोलतो आणि तास वाकडं जातं, मग सगळा दोष नांगराला.

आणि वेळ. एप्रिलात दगड झालेल्या रानात कुठलाच नांगर घालू नका, ओढ कितीतरी वाढते आणि घमेल्याएवढी ढेकळं निघतात. हरभरा निघाला की ओल आहे तोवर, आठ-दहा दिवसांत नांगरून टाका.

विकत घेण्याआधी गावात कुणाचा असेल तर एक दिवस उसना मागून जोडा. मागच्या चाकावर चुन्याची खूण करा. रिकामं चालवून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग नांगरताना मोजा. रिकामं ४० मीटर आणि नांगरताना ३४ च्या खाली आलं तर खोली कमी करा. नुसतं बघूनही कळतं: तासात टायरच्या नक्षीचा ठसा स्वच्छ उमटला तर ठीक, फरफटलेला दिसला तर ओढ जास्त होतेय. टॉप लिंक थोडी लांब करून बघा, फाळाचं टोक वर येतं आणि तो कमी घुसतो.

टायरचा नंबर आणि लिफ्ट (नांगर उचलणारं हायड्रॉलिक) कितपत धरते ते कळवा, नांगराच्या वजनाचं मग नक्की सांगता येईल.