आधी टेबलं मोज

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तिथे जपानच्या शाळेत तुझ्या टेबलावर कोणीतरी मोमिजी मांजू, मेपलच्या पानाच्या आकाराचा तो छोटा गोड केक, ठेवून गेलं, आता ते कसं फेडू, आणि दिवाळीच्या रजेवरून परतताना मुख्याध्यापकांसाठी भारीतलं काय नेऊ, असं विचारतोस. अरे, फेडायचं काय त्यात? कोणीतरी मियाजिमा बेटावर जाऊन आलं, तिथला खाऊ घेऊन आलं, एवढंच. कोण ते विचार आणि आभार मान.

आणि मुख्याध्यापकांसाठी वेगळं काही नकोच. ओमियागे, म्हणजे बाहेरगावाहून आणायचा खाऊ, अख्ख्या शिक्षकखोलीसाठी असतं. तू रजेवर असताना तुझे तास कोणीतरी सांभाळणार, त्याची ही जाणीव. जुलैतलं ओचूगेन, डिसेंबरातलं ओसेइबो, म्हणजे ज्यांचे उपकार त्यांना द्यायच्या हंगामी भेटी, हा निराळा मामला; त्यात आत्ता डोकं घालू नकोस. टेबलं मोज.

मी मोजली नव्हती. जपानात शिकवायला गेलो त्या पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांना चंदनाची पेटी दिली आणि बाकीच्यांसाठी बाकरवडीचा उघडा डबा मधल्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी डबा जवळजवळ तसाच. मला रागच आला. तिथे प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो, आपल्या हाताने एकेकाच्या टेबलावर ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरंच सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षांचा होतो, पगारातले निम्मे पैसे घरी पाठवत होतो. पण डोळे तर होते ना? रोज माझ्याच टेबलावर काही ना काही येत होतं.

शाळेची डागडुजी बघणारे योमुइन-सान हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचे. घरच्या झाडाची संत्री माझ्या टेबलावर ठेवून जायचे. त्यांना मी डब्याजवळसुद्धा बोलावलं नाही. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या दिवाळीला मी मोजून पुड्या नेल्या, तेव्हा ते नव्हते.

‘हा नुसता उपचार आहे’ असं तू लिहिलंयस, ते मला आवडलं नाही. तुझी आई हळदीकुंकवाला वाण मोजून आणते, वर पाच जास्त, कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. तो उपचार वाटतो तुला?

चिक्की ने, सुटी वेष्टनं असलेली. शेंगदाणे आहेत हे जपानीत ठळक लिही. आठवड्यातून दोनदाच येणाऱ्या बाईंच्या टेबलावरही ठेव. ऑफिसातल्यांच्याही.

टेबलं मोजून आकडा कळव. तुझ्या शाळेतल्या योमुइन-सानांना धरून.