मंदीच्या काळात पुण्यातल्या छोट्या सामाजिक संस्थेनं निधी कुठून उभा करावा?

आयटीत नोकरकपात सुरू झाली की हिंजवडीतल्या तरुण देणगीदारांचा हात आखडतो. पण म्हणून कंपन्यांची दारं ठोठावणं थांबवू नका. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर करायचा खर्च. त्याचे २ टक्के मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यावर मोजतात. म्हणजे यंदा धंदा बसला तरी ती रक्कम लगेच तळाला जात नाही, खरी झळ पुढच्या दोन-तीन वर्षांत लागते. तेव्हा चाकण-पिंपरीच्या कारखान्यांकडे आत्ताच जा. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी) मात्र झालेली हवी. २०२१ पासून ती बंधनकारक आहे.

माझा जास्त भरवसा जुन्या देणगीदारांवर. पाच नवे शोधण्यापेक्षा एक जुना टिकवणं स्वस्त पडतं. कोथरूड, सदाशिव पेठेतल्या निवृत्तांची पेन्शन मंदीतही येते. त्यांना एकरकमी पाच हजार मागू नका, दरमहा २०० मागा. आणि फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं पत्रक ढकलू नका. मागच्या पैशाचं काय झालं ते आधी सांगा, मागणी नंतर. पुणेकर हिशेब विचारणारच! विचारला नाही तर उलट काळजी करा.

देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी ८०जीची पावती द्या, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच मिळत नाही, त्यामुळे ‘कर वाचेल’ यावर सगळी भिस्त नको.

हॉल भाड्यानं घेऊन संगीतरजनी? यंदा राहू द्या. तिकिटांचे पैसे भाड्यातच जातात.