कायोटी आणि हरीण, दोन्हीला मिळून एकच रायफल कुठली घ्यावी?

प्रश्न: टेक्सासमध्ये फ्रेडरिक्सबर्गजवळ थोडी जमीन घेतलीये, शेळ्या पाळल्यात. रात्री कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखं जनावर) येतात नि करडं उचलून नेतात. शिवाय नोव्हेंबरात हरणाची शिकार करायचीये. रायफल एकच घेणार, बजेट पाचशे डॉलर. शेजारी म्हणतो .२२३ स्वस्त पडते, दुकानदार ६.५ क्रीडमोरच्या मागे लागलाय (दोन्ही काडतुसांच्या मापांची नावं). काय घेऊ? भाचा एच-१बीवर आहे, त्याला चालवता येईल का?

उत्तर: .२४३ विंचेस्टर घ्या, डोळे झाकून. १९५५ पासून लोक याच दोन कामांसाठी ही घेतायत, धक्का कमी बसतो, आणि ५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी सेकंदाला ३९०० फुटांच्या आसपास जाते म्हणजे दोनशे यार्डांवरच्या कायोटीला फारसा अंदाज बांधत बसावं लागत नाही. हरणासाठी त्याच रायफलमध्ये ९५ नाहीतर १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला मऊ शिसं उघडं असलेली गोळी.

पण ती हलकी गोळी हरणावर अजिबात झाडू नका हं. तिचं कवच पातळ असतं, खांद्याच्या हाडावर लागली की तिथेच फुटते, फुप्फुसापर्यंत पोचत नाही, मग ते बिचारं जनावर सीडरच्या झाडीत घुसतं आणि तडफडून मरतं, तुम्हाला सापडतसुद्धा नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

दुसरं, दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. शंभर यार्डांवर हरणाच्या गोळीने स्कोप झीरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल असा बसवा, मग हलकीच्या तीन गोळ्या मारून बघा किती इंच वर नि कुठल्या बाजूला जातात, ते टेपवर लिहून दस्त्यावर चिकटवून टाका, कारण अंधारात कायोटी समोर आल्यावर काही आठवत नाही.

शेजारी चूक नाही, .२२३ ची काडतुसं निम्म्या किमतीत मिळतात, आणि टेक्सासमध्ये हरणाला कुठलंही सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी ठोका बसून उडणारं काडतूस) चालतं. पण नवख्याच्या हातात तेवढी छोटी गोळी हरणाला मला पटत नाही, आणि उद्या कोलोरॅडोला गेलात तर तिथे हरणाला किमान .२४ इंच व्यासाची गोळी लागते, मग .२२३ची रायफल घरीच. क्रीडमोर चांगलीच आहे, पण तुमच्या कामाला तिची गरज नाही.

रायफल सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन बघा, साधा दस्ता चालेल, उरलेले पैसे काडतुसांत घाला आणि रेंजवर जा. कायोटीला खाजगी जमिनीवर रात्रीही परवानगी आहे, हरणाला मात्र सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच.

आता भाचा. एच-१बीवाल्याला फेडरल कायद्याने बंदूक हातात घ्यायलाच बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतो, म्हणजे बहुतेक तुम्हालाही), मग लायसन्स, आणि ते खिशात आल्यावरच रायफल त्याच्या हातात द्या, रेंजवरसुद्धा.