वर्षभर पित्ताचा त्रास आहे, गोळी घेतली की बरं वाटतं. पोटविकारतज्ज्ञांकडे कधी जावं?

तुमचं वय 46. वर्षभर छातीत जळजळ, आंबट ढेकर. पॅन्टोप्राझोल (पित्ताची गोळी) घेतली की बरं, सोडली की चार दिवसांत पुन्हा तेच. आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘हल्ली भाकरीचा घास छातीत अडकतो, वर पाणी प्यावं लागतं.’ बाकी सगळं बाजूला ठेवा. या एका वाक्यासाठी याच आठवड्यात गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्टची, म्हणजे पोटविकारतज्ज्ञांची, वेळ घ्या.

मी फार्मासिस्ट आहे, निदान करणं माझं काम नाही. पण पित्ताच्या गोळ्या मी रोज देतो आणि जळजळ किती होते यावरून लोक दुखणं जोखतात, तेही रोज बघतो. हा अंदाज फसवा असतो. प्रचंड जळजळ असलेल्यांची एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघण्याची तपासणी) पुष्कळदा अगदी स्वच्छ येते आणि फारसा त्रास नसलेल्या एखाद्याच्या अन्ननलिकेत जखमा सापडतात.

घास अडकण्याची कारणं वेगवेगळी असतात. आम्ल सतत वर येऊन अन्ननलिकेला सूज येते, जखमा भरताना ती आतून अरुंद होते. कधी जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू गिळताना सैलच पडत नाही, तिथे पित्ताच्या गोळीचा उपयोग नसतो. आणि कधी गाठ असते. बहुतेकांना ती नसते, पण ते आत बघितल्यावरच कळतं. फक्त भाकरी-चपातीच अडकते की पाणीसुद्धा, आणि अडकणं वाढत चाललंय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून त्यांना बराच अंदाज येतो.

गिळताना दुखणं, काही न करता वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी येणं, वरचेवर उलट्या, घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर, यांतलं काहीही असलं तरी तज्ज्ञांकडेच जायचं. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौचाला झाली तर वेळ घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. चालताना, जिना चढताना छातीत दाटत असेल, घाम येत असेल, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल तर आधी ईसीजी. ईनो घेऊन ढेकर आला आणि बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असं धरून चालू नका. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही.

घास अडकत नसता तर मी इतकी घाई करायला सांगितलं नसतं. आधी गोळी कशी घेता ते विचारलं असतं. ही गोळी दिवसातून एकदा, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि डॉक्टर साधारण 8 आठवडे सलग देऊन बघतात. जेवणानंतर किंवा जळजळलं की तेवढ्यापुरती घेणारे पुष्कळ भेटतात, त्यांना गुण कमीच येतो. नीट घेऊनही 8 आठवड्यांत फरक पडला नाही किंवा थांबवल्यावर त्रास परत आला, तर तज्ज्ञांना दाखवायची वेळ झाली. (बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं, तेही लक्षात असू द्या.) आणि पन्नाशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हा त्रास पाच-सहा वर्षं असेल, तर गोळीने बरं वाटत असतानाही एंडोस्कोपीबद्दल विचारावं. मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका. अन्ननलिकेच्या कॅन्सरशी तिचा थेट संबंध आहे.

एंडोस्कोपीच्या भीतीने लोक महिनोन्महिने ढकलत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. साधी तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. 6 ते 8 तास उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन घेणार असाल तर सोबत कोणीतरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.

जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. दुखण्यावरच्या गोळ्या आणि हाडांसाठी आठवड्याला घ्यायची ॲलेन्ड्रोनेट यांनी अन्ननलिकेला इजा होऊ शकते, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने आम्ल जास्त वर येऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वेळ घेतानाच सांगा, पण मनाने बंद करू नका. पॅन्टोप्राझोलचंही तेव्हाच विचारून घ्या, कारण एच. पायलोरी जंतूची तपासणी करायची असेल तर ही गोळी सहसा 2 आठवडे आधी थांबवायला सांगतात.