पोटाला हेडफोन लावल्याने बाळ हुशार होतं का?

तुम्ही विचारलंय की बायकोला पाचवा महिना आहे, पहिले तीन महिने उलट्यांमुळे तिचं खाणं धड झालं नाही; आता संगीत ऐकवून भरपाई होईल का, की उशीर झाला?

हेडफोन राहू द्या. संगीताने बुद्धी वाढते हा गाजावाजा १९९३ मधल्या एका प्रयोगावरून झाला. त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजची मुलं होती, आणि परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं! माझ्या वेळी मीही गाण्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "थायरॉईडचा रिपोर्ट कुठाय?"

तेव्हा राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. सुरुवातीचे तीनेक महिने बाळाची थायरॉईड ग्रंथी काम करत नाही. मेंदूच्या पेशी घडायला लागणारं थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) तेव्हा आईच्या रक्तातूनच येतं. पुढेही बराच काळ तिचा वाटा असतोच. हे संप्रेरक आयोडीनपासून बनतं, म्हणून एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, ते गरोदरपणात २५० लागतं. आयोडीनची मोठी कमतरता राहिली तर मुलाच्या शिकण्यावर कायमचा परिणाम होतो.

उलट्यांचं म्हणाल, तर १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या बुद्धिचाचण्यांत इतरांपेक्षा मागे नव्हती. त्या काळात गर्भ राहिलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण मात्र दुप्पट निघालं, म्हणजे उपासमार अगदी निरुपद्रवी नव्हती. पण ती दुष्काळाची गोष्ट. उलट्यांचे तीन महिने त्या मापाने मोजू नका. वजन घटलं असेल तर डॉक्टरांना सांगा, एवढंच.

आणि उशीर कसला? पाचव्या महिन्यात बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग अजून जवळपास गुळगुळीत असतो, बहुतेक वळ्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. ऐकूही साधारण सहाव्या महिन्यापासून येतं. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी काही गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला लावली. जन्मल्यावर बाळांना चोखायला निपल दिलं; चोखण्याच्या लयीनुसार ती गोष्ट किंवा दुसरी ऐकू यायची. त्या बाळांनी लय बदलून तीच गोष्ट मागितली, दुसऱ्या बाईच्या आवाजातसुद्धा. ही ओळख झाली, हुशारी नव्हे; पण मला तरी ती हेडफोनपेक्षा गोड वाटते.

तेव्हा बायकोशी गप्पा मारा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट बघा. तिने दारू-तंबाखूपासून लांब राहायचंच, आणि तुम्ही सिगरेट ओढत असाल तर तीही बंद.