कारण कागदावर माग

पोरी,

तुझं पत्र वाचलं. जनसुरक्षा विधेयकाविरुद्ध स्टेशन चौकातल्या सभेत बोलायचं की सांगलीत विजयनगरच्या कोर्टात आरोपीच्या वतीनं रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभं राहायचं, हा तुझा पेच. सभेला जरूर जा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या त्या विधेयकात ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या फारच सैल आहे. पत्री सरकारच्या मुलखात त्याचा धोका वेगळा समजवायला नको. पण माणूस आत गेल्यावर भाषण कामाला येत नाही, कागद येतो.

पहिला कागद अटकेच्या आधारांचा. घटनेचं कलम २२(१) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७ तुला पाठ असेल: अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे. मिहीर राजेश शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ ला ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू करून ठेवलंय: आधार लेखी हवेत, अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत हवेत, आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडायला हवेत. नाही दिले तर अटकही बेकायदा आणि रिमांडही.

प्रत्यक्षात हातात येतो तो छापील फॉर्म. ‘पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल.’ हे कुणाच्याही नावापुढं लिहिता येतं. या माणसानं काय केलं, कधी, कुठं, ते त्यात नसतं, म्हणून ते आधार नव्हेत. शिवाय ‘मिळाले’ म्हणून सही असते, वेळ नसते. जतकडचा कन्नड बोलणारा माणूस मराठी कागदावर सही करून मोकळा होतो. अशिलाच्या घरच्यांना आधीच सांगून ठेव: सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहायची. कागद दिलाच नसेल तर ‘मिळाला नाही’ असं लिहायचं.

आणि कोर्टात तोंडी हरकत घेऊन खाली बसू नकोस! रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, त्याची ओळसुद्धा येत नाही. किती रिमांड असे बिनविरोध म्हणून नोंदले गेले, याची टोचणी मला आजही आहे. अर्ध्या पानाचा अर्ज पुरे, पण तो रिमांडचा हुकूम होण्याआधी दे, त्यावर आदेश माग, आणि त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाक. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची सबब उरलेली नाही. मात्र आधार देऊन पुन्हा अटक होऊ शकते, म्हणून जामिनाचा अर्ज तयार ठेव.

तारखांचंही तसंच. रिमांडचा पहिला दिवस धरून मोज. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवस भरले आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर ६१व्या किंवा ९१व्या दिवशी कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज दाखल कर. दुपारपर्यंत थांबलीस आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर मुदत टळल्यामुळं मिळणाऱ्या जामिनाचा हक्क गेला. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळते. ती वाढवण्याच्या अर्जावर सुनावणी होताना आरोपीला हजर ठेवायला लाव.

मला तांत्रिक म्हणतात, तुलाही म्हणतील. म्हणू देत. कारण न सांगता माणसाला डांबता येत नाही, एवढं तरी घटनेनं आपल्या हाती दिलंय, ते मी कुणाच्या भिडेखातर सोडणार नाही. तूही सोडू नकोस. कारण कागदावर माग, हरकत कागदावर घे.

दुसऱ्या दिवशी रोजनामा स्वतः वाच. अर्जाची नोंद नसेल तर तिथंच दुरुस्तीचा अर्ज लिही आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कारकुनाच्या टेबलापासून हलू नकोस.